टकिला, कॉफी आणि पगाराची जागा



आमच्या व्याख्यानाचा विषय बाहेरच्या फलकावर वाचून आपल्यापैकी काहींना फलक लिहिणाऱ्याची चूक झाली असे वाटले असेल. ती चूक नाही. ज्या माणसाने उमेदीची तीस वर्षे पगाराच्या दिवशी फाटकापाशी उभे राहून कामगारांना ‘आधी घर, मग दुसरे काही’ असे सांगण्यात घालविली, त्यानेच आज एका मद्याची कृती सांगावयास उभे राहावे, हे विचित्र खरे. आम्ही स्वतः मद्य घेत नाही आणि आपण घ्यावे असे सांगावयासही आलो नाही. परंतु कोणत्याही पदार्थाचा इतिहास हा खाणाऱ्यापिणाऱ्यांपेक्षा पिकविणाऱ्यांचा अधिक असतो, आणि तो सहसा सांगितला जात नाही, म्हणून हा विषय आम्ही घेतला. आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते नगरवाचनालयात आणि करारनाम्यांच्या कलमांत. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता ऐकावे, ही विनंती.

प्रसंग असा घडला. आमचा भाचा मुंबईतील एका मोठ्या हॉटेलात पेये बनविण्याच्या टेबलामागे नोकरीस आहे. गेल्या उन्हाळ्यात तो रजेवर घरी आला असता म्हणाला, “मामा, आमच्याकडे एका पेल्याला तुमच्या हमालाची दिवसभराची हजेरी पडते. घरी करून दाखवतो, बघा तरी.” आम्ही पहिला प्रश्न केला तो परवान्याचा. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात आजही आहे आणि पिणाऱ्याने परवाना बाळगावा असे तो सांगतो. भाच्याने परवाना काढून दाखविला, तेव्हा आमचे बोलणे खुंटले. आमच्या धाकट्या भगिनी, म्हणजे त्याच्या मातोश्री, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी चहाची गाळणी दिली, परंतु आत बसून घेतले नाही. त्याचे कारण पुढे सांगू.

कृती अगदी सोपी आहे. टकिला दोन मापे, कॉफीचे गोड मद्य एक माप आणि ताजी, कडक, बिनदुधाची कॉफी एक माप. हॉटेलात ही कॉफी एस्प्रेसो यंत्रातून निघते. त्यात सात ते नऊ ग्रॅम पुडीतून दाबाचे गरम पाणी सोडून घोटभर अर्क काढतात. घरी यंत्र नव्हते. भाच्याने स्टीलच्या फिल्टरात चिकमगळूरची पूड घट्ट दाबून जाड काढा उतरविला. मग तिन्ही द्रव्ये बर्फासह झाकणाच्या भांड्यात घालून पंधरावीस अंक मोजेपर्यंत जोराने हलविली आणि गाळणीतून निमुळत्या पेल्यात ओतली. वर बोटभर जाडीचा तपकिरी फेस आला. हा फेस कॉफीचाच. ताज्या भाजलेल्या दाण्यांतला वायू, प्रथिने व तेलांश यांच्यात हवा कोंडली जाऊन तो धरतो. म्हणून शिळी कॉफी चालत नाही आणि हलका हात चालत नाही. बर्फ पेय थंड करतो, आणि थोडे पाणी सोडून तिखटपणाही मोडतो. शेवटी फेसावर कॉफीचे तीन दाणे ठेवतात.

“हे कोणी शोधून काढले?” आम्ही विचारले. भाच्याला ते ठाऊक होते. लंडनच्या सोहो भागात डिक ब्रॅडसेल नावाचा एक पेये बनविणारा होता, तो २०१६ मध्ये वारला. १९८० च्या दशकात त्याने वोडका आणि एस्प्रेसो यांचा हा मेळ प्रथम घातला. पुढे वोडकाच्या जागी मेक्सिकोची टकिला घालण्याची टूम निघाली. म्हणजे पेय म्हणून याचे वय चाळीस-पंचेचाळीस वर्षांपलीकडे जात नाही. एस्प्रेसो यंत्राचा इतिहासही इटलीतला आहे. तुरिनच्या मोरिओंदोने १८८४ मध्ये वाफेच्या कॉफी-यंत्राचे पेटंट घेतले, मिलानच्या बेझ्झेराने १९०१ मध्ये त्यात सुधारणा केली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर गाज्जियाच्या दांड्याच्या यंत्राने कॉफीवर साय धरू लागली. या साऱ्यांची नावे पुस्तकांत आहेत. पण पेल्यातील दोन मुख्य वस्तू, टकिला आणि कॉफी, ज्यांनी पिकविल्या त्यांची नावे भाच्यालाही सांगता येईनात. ती शोधावयास आम्ही वाचनालयात जाऊन बसलो.

आधी टकिलेकडे वळू. तेकिला हे मेक्सिकोच्या पश्चिमेकडील हालिस्को प्रांतातले एक गाव आहे, ग्वादालाहारा शहरापासून साठेक किलोमीटरांवर, एका जुन्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी. तेथील तांबड्या मातीत निळसर पात्यांची जी वनस्पती होते तिला निळी अगावे म्हणतात. आपण ती पाहिली नसेल, पण तिच्या जातभाईंना आपण सर्वजण ओळखतो. रेल्वेच्या कडेला आणि शेताच्या बांधावर उभे असलेले काटेरी घायपात, काही भागांत ज्याला केकताड म्हणतात, ते याच कुळातले. तेही मूळचे अमेरिकेकडचे. आपल्याकडे त्याच्या पात्यांपासून वाख काढून दोर वळले गेले, आणि ते काम गावोगावच्या मातंग बांधवांनी केले. मेक्सिकोत त्याच कुळाचा रस प्यायला गेला. स्पॅनिश लोक येण्यापूर्वीपासून तेथील लोक मोठ्या अगावेचा रस आंबवून पुल्के नावाचे पांढरे पेय करीत, आणि मायावेल ही त्या वनस्पतीची देवता होती.

ऊर्ध्वपातन, म्हणजे भट्टी लावून मद्य उतरविणे, हे पुढचे. त्यातही एक पौर्वात्य धागा आहे. १५६५ ते १८१५ या अडीचशे वर्षांत स्पेनची गलबते मनिला आणि मेक्सिकोचा पश्चिम किनारा यांच्या दरम्यान ये-जा करीत. त्यांतून गेलेल्या फिलिपिनो खलाशांनी व मजुरांनी नारळीच्या रसाची दारू उतरविण्याची आपली भट्टी तिकडे नेली, आणि अगावेची दारू उतरविण्यास तीच कामी आली, असे अनेक अभ्यासक मानतात. १७८५ मध्ये स्पेनच्या राजाने वसाहतीतील मद्यावर बंदी घातली होती, कारण स्पेनमधून येणाऱ्या मद्याचा खप कमी होत होता. पुढे ती उठली आणि १७९५ मध्ये तेकिला गावच्या क्वेर्वो घराण्याला मद्य काढण्याचा परवाना मिळाला. १८७३ मध्ये सेनोबिओ साउसाने आपली भट्टी सुरू केली. ही दोन्ही नावे आजही बाटल्यांवर आहेत.

आता बाटलीवर ज्याचे नाव नाही त्याच्याकडे पाहू. त्याला हिमादोर म्हणतात. निळी अगावे लावल्यापासून तयार होण्यास सहा ते आठ वर्षे लागतात. तेवढ्या काळात आपल्याकडचा शेतकरी उसाची किती पिके घेईल, याचा हिशेब करावा. मधून फुलाचा दांडा वर येऊ लागला की तो छाटावा लागतो, नाहीतर गाभ्यातील गोडी फुलात जाते. रोप तयार झाले की हिमादोर कोआ नावाचे हत्यार घेतो. लांब लाकडी दांड्याच्या टोकाला हे गोल, चपटे, धारदार पाते असते. त्याने तो काटेरी पाती बुंध्यापासून तासून काढतो. उरतो तो अननसासारखा दिसणारा गाभा, कित्येकदा चाळीस-पन्नास किलोंचा. नेम चुकला तर पाते आपल्याच पायावर येते. कोणते रोप पक्व आहे, पाती किती जवळून तासायची, हे बाप मुलाला शेतात शिकवितो. मग तो गाभा भट्टीत शिजवितात, त्यातली साखर मोकळी होते, चिरडून रस काढतात, आंबवितात आणि दोनदा उतरवितात. शुद्ध अगावेच्या एक लिटर टकिलेस साधारण सात किलो गाभा जातो.

१९७४ मध्ये मेक्सिकोने ‘टकिला’ या नावाला कायद्याचे संरक्षण दिले. हालिस्को प्रांत आणि इतर चार प्रांतांचे ठरावीक तालुके, एवढ्याच प्रदेशातील मद्याला ते नाव लावता येते. आपल्याकडे पैठणीला आणि सोलापुरी चादरीला पुढे असेच संरक्षण मिळाले. २००६ मध्ये तेथील अगावेच्या शेतांना जागतिक वारशाचा मान मिळाला. हे सर्व चांगले झाले. परंतु आमच्यासारख्या माणसाच्या मनात एक शंका उरते. गावाच्या नावाला संरक्षण मिळाले, मातीला मिळाले, जुन्या इमारतींना मिळाले. कोआ चालविणाऱ्या हाताला काय मिळाले? बहुतेक हिमादोर आजही रोजावर किंवा उक्त्यावर काम करतात.

आता दुसरी वस्तू, कॉफी. भाच्याने फिल्टरात घातलेली पूड कर्नाटकातली होती, परंतु कॉफीच्या मद्याची जी बाटली त्याने आणली होती, त्या कालुआचा जन्म १९३६ मध्ये मेक्सिकोच्या व्हेराक्रुझ प्रांतात झाला. उसाची रम, साखर आणि कॉफी यांचे ते मिश्रण. कॉफी मेक्सिकोत अठराव्या शतकाच्या अखेरीस आली ती याच व्हेराक्रुझच्या बाजूने. पुढे १८८० च्या सुमारास दक्षिण टोकाला, ग्वातेमालाच्या सीमेवर, चियापास प्रांतात जर्मन आणि इतर परदेशी भांडवलदारांनी मोठे मळे घातले. आज मेक्सिकोत सर्वांत अधिक कॉफी याच प्रांतात होते.

मळे तर घातले, मजूर कोठून आणावयाचे? उंच डोंगरात त्सोत्सिल आणि त्सेल्ताल बोलणारे माया आदिवासी राहत. त्यांच्याजवळ जमीन थोडी होती. त्यांना खाली आणण्याची जी पद्धत पडली तिचे स्पॅनिश नाव एन्गांचे. त्या शब्दाचा अर्थ आकड्यात अडकविणे. मजूर पुरविणारा दलाल सणाच्या दिवशी गावात जाई, उसाची दारू पाजी, हातावर आगाऊ रक्कम ठेवी आणि कागदावर अंगठा घेई. शुद्धीवर आल्यावर माणूस मळ्याचा ऋणको झालेला असे. फेड व्हावयाची ती मजुरीतून, पण मजुरीतून मळ्याच्या दुकानातील मका आणि दारूही वजा होई. कर्ज बापाचे राहिले तर मुलाच्या मानेवर येई. ही दारू टकिला नव्हती, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. टकिला हजार किलोमीटर दूर होती. परंतु दारू, उधारी आणि कॉफीचे दाणे यांची गाठ त्या डोंगरात त्याकाळी घट्ट बसली होती.

श्रोतेहो, हे वर्णन ऐकून आपणास बीड आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांची आठवण झाली असेल. आम्हालाही झाली. आपल्याकडे ऊसतोडणीच्या हंगामापूर्वी मुकादम गावात येतो, नवराबायकोच्या ‘कोयत्या’ला उचल देतो, आणि ती उचल फिटेपर्यंत माणूस हलू शकत नाही. मेक्सिकोतला आकडा आणि आपल्याकडची उचल यांची भाषा निराळी आहे, हिशेबाची वही एकच आहे.

या वहीविरुद्ध पहिला मोठा हात उचलला तो गिरणी कामगारांनी. व्हेराक्रुझ प्रांतातच, कॉफीच्या मळ्यांपासून जवळ, ओरिसाबा शहराभोवती कापडगिरण्या होत्या. रिओ ब्लांको ही त्यांतील मोठी. पोर्फिरिओ दियास या हुकूमशहाची राजवट चालू होती. मालकांनी गिरण्या बंद ठेवल्यामुळे कामगार उपाशी होते. ७ जानेवारी १९०७ रोजी सकाळी फाटके उघडली, तेव्हा लोक आत न जाता गिरणीच्या दुकानाकडे वळले. याच दुकानात त्यांची मजुरी उधारीच्या रूपाने परत जात असे. तेथे बाचाबाची झाली आणि दुकान जळाले. मग सैन्य आले आणि गोळीबारात स्त्रीपुरुष मारले गेले. मृतांच्या आकड्याबद्दल इतिहासकारांत आजही एकमत नाही. आमचे लक्ष गेले ते एका गोष्टीकडे: गिरणीतील यंत्रांऐवजी लोकांचा राग प्रथम दुकानावर पडला. पगार हातात येतो त्या जागेवरच तो लुटला जातो, हे त्यांना पुस्तकाशिवाय कळले होते.

तीन वर्षांनी, १९१० मध्ये, क्रांती सुरू झाली. तिच्या गदारोळातच व्हेराक्रुझच्या कॉर्दोबा गावी कॉफीचे दाणे निवडणाऱ्या स्त्रियांनी आपल्या संघटना बांधल्या. लांब टेबलांशी बसून काळे, फुटके, किडके दाणे वेगळे करावयाचे, हे त्यांचे काम. त्यांनी संप केले आणि जिंकलेही. चियापासात ऑक्टोबर १९१४ मध्ये क्रांतिपक्षाच्या राज्यपालाने कर्जाची गुलामी आणि मळ्यांची दुकाने दोन्ही रद्द केली. जमीनदार लगेच बंड करून उठले आणि १९२० मध्ये प्रांताची सत्ता त्यांच्याच गटाच्या हाती गेली. कायदा होणे आणि कायदा राहणे, या दोन वेगळ्या लढाया असतात.

दरम्यान केरेतारो शहरात घटना परिषद भरली आणि ५ फेब्रुवारी १९१७ रोजी मेक्सिकोची नवी राज्यघटना जाहीर झाली. परिषदेत एरिबेर्तो हारा होते, जे रिओ ब्लांकोच्या लढ्यातून आलेले होते. या घटनेचे १२३ वे कलम आम्ही शब्दकोश शेजारी घेऊन वाचले. आठ तासांचा दिवस, संघटनेचा आणि संपाचा हक्क, स्त्रीपुरुषांस समान कामास समान मजुरी, हे त्यात आहेच. मजुरी चलनातच द्यावी, माल किंवा चिठ्ठी देऊ नये, असेही आहे. मजुराच्या कर्जाला त्याचे कुटुंब बांधील नाही. कामाच्या वसाहतीत दारूचे दुकान आणि जुगाराचा अड्डा काढू नये. आणि मग २७ व्या पोटकलमात, कोणत्या अटी करारात असल्या तरी रद्द समजाव्या, याच्या यादीत एक ओळ येते. तिचा आशय असा: खाणावळ, कॉफीगृह, दारूचा गुत्ता किंवा दुकान ही मजुरी देण्याची जागा म्हणून ठरविता येणार नाही. अपवाद फक्त त्याच ठिकाणी नोकरी करणाऱ्यांचा.

कॉफीगृह आणि गुत्ता. आमच्या भाच्याने एका पेल्यात घातलेल्या दोन्ही वस्तूंची दुकाने १९१७ सालच्या राज्यघटनेत एकाच ओळीत शेजारी शेजारी बसलेली आम्ही पाहिली, आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. का, ते आता सांगतो.

आमचे वडील एका तालुक्याच्या गावी धान्यबाजारात हमाल होते. गावाचे नाव घेत नाही, मुकादमाचेही घेत नाही. हमालांची आठवड्याची हजेरी शनिवारी संध्याकाळी गुत्त्याच्या ओसरीवर वाटली जाई. मुकादम चौघांत मिळून एक मोठी नोट देई आणि म्हणे, “सुटे नाहीत, आत मोड मिळेल.” आत मोड मिळे, पण गुत्तेवाला कोरडी मोड देत नसे. आधी एकेक ग्लास, मग सुटे पैसे. न पिणाऱ्यालाही आपला वाटा सुटा करून घेण्यासाठी आत जावे लागे. आमचे वडील मुळात पिणारे नव्हते. पहिली दोन वर्षे त्यांनी आपला ग्लास दुसऱ्याला दिला. पुढे देईनासे झाले. रस्त्याच्या पलीकडे, बंद पिठाच्या गिरणीच्या पायरीवर, आमची आई आमच्या धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन उभी असे आणि आम्हाला आत पाठवी, “जा, बाबांना म्हणावं, रॉकेल आणायचंय.” गुत्त्याच्या त्या ओसरीचा वास आम्हाला अजून आठवतो.

आम्ही बाविसाव्या वर्षी त्याच बाजारात हमालांची संघटना बांधली. महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ मध्येच झाला होता. त्यानुसार मालकाने मजुरी मंडळात भरावी आणि मंडळाने ती हमालास द्यावी, म्हणजे मधला हात उरत नाही. पण आमच्या बाजारापर्यंत तो तेव्हा पोहोचला नव्हता. आमच्या निवेदनात मजुरीवाढीची मागणी दुसरी होती. पहिली मागणी अशी, की हजेरी बाजाराच्या आवारात कडुलिंबाखाली, दुपारी चारला, ज्याची त्याला, सुट्या पैशांनी मिळावी. व्यापारी हसले. “हा काय मोठा प्रश्न आहे?” म्हणाले. पोती उतरविणे चार दिवस बंद राहिले, तेव्हा तो मोठा ठरला. पाचव्या दिवशी मागणी मान्य झाली. त्या निवेदनावर पहिली सही आमच्या वडिलांची होती. तोपर्यंत त्यांचे यकृत गेले होते. कडुलिंबाखालची हजेरी त्यांनी सहा शनिवार घेतली.

मेक्सिकोतील माणसांनी हीच मागणी आमच्यापूर्वी पाऊणशे वर्षे राज्यघटनेत लिहून ठेवली होती, हे आम्हास ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर त्या व्यापाऱ्यांना एवढे तरी म्हणता आले असते, की हा प्रश्न एका राष्ट्राच्या घटनेत बसण्याएवढा मोठा आहे. इतिहासाचा उपयोग आम्हास एवढाच वाटतो. आपण एकटे नव्हतो, हे त्याने कळते.

त्या घटनेमागून जो मेक्सिको घडू लागला, त्याच्या घडणीत एका वऱ्हाडकडच्या माणसाचा हात आहे, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतील क्रांतिकारक. इंग्रजांमुळे मायदेशी परतता येईना, तेव्हा १९२४ मध्ये ते मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागले, मक्यावर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या. दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर भाकरी मोडून वाटणाऱ्या माणसाचे जे चित्र काढले, त्यात खानखोज्यांचा चेहरा आहे. १९६७ मध्ये ते नागपुरास वारले. शेतकऱ्याला जमिनीबरोबर विद्याही मिळाली पाहिजे, नाहीतर जमीन टिकत नाही, हे त्यांनी जाणले होते.

आणि खरोखरच नुसत्या कलमाने सारे भागले नाही. चियापासात एन्गांचे पुढेही वीस वर्षे चालला. लासारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष असताना, १९३६-३७ च्या सुमारास, आदिवासी मजुरांचा संघ उभा राहिला आणि मळ्यांवरची भरती त्याच्यामार्फत होऊ लागली. पण तो सरकारच्या ओंजळीने पाणी पिणारा संघ होता, आणि त्याचे बळ सरकारच्या मर्जीपुरतेच राहिले. आमच्या धंद्यातील लोकांनी हा धडा विसरू नये. पुढे ४ जुलै १९८९ रोजी कॉफीच्या निर्यातीचे वाटप ठरविणारा आंतरराष्ट्रीय करार मोडला आणि जगभर भाव कोसळले. डोंगरातील लहान बागाइतदार उघडे पडले. त्यांच्यापैकी ओआहाका प्रांतातील काही आदिवासी गावांनी १९८३ मध्येच आपली सहकारी संघटना काढली होती. दलालाला वगळून तिने थेट युरोपात दाणे विकले. १९८८ मध्ये हॉलंडमध्ये रास्त भावाच्या मालाला जे पहिले चिन्ह लागले, ते याच कॉफीच्या पुड्यावर. आपल्याकडेही १९५७ मध्ये कॉफी बोर्डाने कॉफीगृहे बंद करावयास घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने नोकरीवरून काढलेल्या कामगारांनीच सहकारी संस्था काढून ती चालविली. आजही कित्येक शहरांत इंडियन कॉफी हाऊस त्यांच्याच मालकीचे आहे.

अगावेच्या शेतकऱ्याची स्थिती आपल्या कांदेवाल्यासारखी आहे. २०१८ नंतर काही वर्षे टकिलेची मागणी जगभर वाढली आणि गाभ्याचा भाव किलोमागे तीस पेसोंच्या आसपास गेला. ज्याने त्याने अगावे लावली. कांदा चार महिन्यांत येतो, अगावे सात वर्षांनी. लावलेली पिके तयार होऊ लागली तसा भाव पडला, आणि २०२४ पर्यंत तो पूर्वीच्या लहानशा अंशावर आला. पेल्याची किंमत मात्र हॉटेलात उतरली नाही. ती कोणत्या देशात उतरली, हे भाच्याला विचारले तर तो हसला.

आता त्या संध्याकाळकडे परत येऊ. भाच्याने पेला आमच्या पुढे ठेवला. आम्ही वास घेतला. कॉफीचा होता, आणि खाली काहीतरी मातीसारखे, भाजलेल्या कंदासारखे. आम्ही पेला परत त्याच्याकडे सरकविला आणि फिल्टरात उरलेला काढा दूध घालून घेतला. भाचा पेला घेऊन अंगणाकडे जाऊ लागला, तेव्हा दारातल्या आमच्या भगिनींनी इतका वेळ धरलेले मौन सोडले.

“काय रे, तुझा पगार कुठं देतात?”

“बँकेत येतो, आई.”

“हॉटेलवाले भरतात?”

तो थांबला. “नाही. कंत्राटदार भरतो. हजेरी लावतो हॉटेलचा साहेब, पैसे भरतो कंत्राटदार. काय कापलंय ते पैसे आल्यावर कळतं.”

भगिनींनी आमच्याकडे पाहिले. “दादा, मग कडुलिंब कुठं लावायचा?” असे त्यांनी विचारले.

त्याचे उत्तर आमच्याजवळ त्या संध्याकाळी नव्हते. गुत्त्याची ओसरी डोळ्यांना दिसत होती, म्हणून तिच्याविरुद्ध बोट दाखविता आले. कंत्राटदाराच्या हिशेबाची ओसरी दिसत नाही. परंतु दुसऱ्या दिवशी भाच्याने आपले वर्षभराचे बँकेचे उतारे आमच्या पुढे ठेवले, आणि सुटी संपवून गेल्यावर आपल्या खात्यातल्या आणखी अकरा जणांचे पाठविले. ते मांडून आम्ही महिनावार तक्ता केला आहे. कपातीचे सहा प्रकार निघाले, त्यांपैकी दोनांना कागदावर नावच नाही. त्या बारा जणांची पहिली बैठक येत्या रविवारी आहे.

एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो. आपण कोठेही कॉफी घ्यावी, परवाना असल्यास त्यात आणखी काही घालावे, तो आपला प्रश्न. पेला पुढे ठेवणाऱ्याला मात्र पगार कोठे आणि कोणाच्या हातून मिळतो, एवढे एकदा विचारून पाहावे.